बारा हजार पौंड आणि एक झाड

रुतलेली गाडी बाहेर काढायला आपल्याकडे पूर्वापार एकच यंत्रणा आहे. ‘‘ओ भाऊ, जरा हात लावा!’’ एवढं म्हटलं की ती सुरू होते. ज्या माळावर मोबाइलला रेंज नसते आणि नजर पोचेल तिथवर घर दिसत नाही, तिथेही पाच मिनिटांत सात-आठ माणसं उगवतात. त्यातला एक चाकाखाली दगड घालतो, दुसरा तो काढायला लावतो, दोघं खरोखर ढकलतात आणि उरलेले ‘‘रेस नका देऊ, रेस नका देऊ’’ असं ओरडत राहतात. गाडी निघते. या यंत्रणेला बॅटरी लागत नाही, तिचं वजन गाडीवर पडत नाही आणि देखभालीचा खर्च म्हणजे चहा. दोष एकच. ती हसते. गाडी जितकी महाग, तितकी जास्त हसते.

या हसण्यापासून सुटका व्हावी म्हणून माणसाने जे उपकरण गाडीच्या नाकावर बसवलं, ते म्हणजे विंच. एक मोटर, दातेरी चक्रांचा एक डबा, मधे ड्रम आणि ड्रमवर गुंडाळलेला दोर. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं आणि बटण दाबायचं. मोटर दोर गुंडाळू लागते, झाड जागचं हलत नाही, त्यामुळे हलावं लागतं गाडीला. कोणाला हाक नको, कोणाचे उपकार नकोत. स्वाभिमानी माणसाला याहून अधिक काय हवं?

विंचचं घराणं जुनं आहे. विहिरीवरचा रहाट त्याच घराण्यातला. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की, इराणचा बादशहा झर्क्सीस इसवी सनापूर्वी ४८० च्या सुमारास ग्रीसवर चालून निघाला तेव्हा त्याने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर पूल बांधवला. वादळाने तो मोडला. बादशहाने चिडून समुद्राला तीनशे फटके मारायला लावले, पाण्यात बेड्या टाकल्या आणि पूल बांधणाऱ्यांची डोकी उडवली. एवढं करूनही समुद्राच्या वागण्यात फरक दिसेना, तेव्हा दुसऱ्या खेपेला नावा शेजारी शेजारी लावून, त्यांच्यावरचे जाडजूड दोर लाकडी विंचांनी ताणले आणि पूल टिकला. माणूस विंचकडे केव्हा वळतो, तेही यातून समजतं: शिव्या, मारहाण आणि दुसऱ्याला दोष देणं हे तिन्ही उपाय थकल्यावर.

गाडीवरचा विजेचा विंच मात्र अलीकडचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा ढिगाने मोकळ्या झाल्या. त्या साध्या रस्त्यावर नीट चालाव्यात म्हणून अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या आर्थर वॉर्नने १९४८ मध्ये पुढच्या चाकांची जोडणी हवी तेव्हा सोडवता येणारे हब बनवायला घेतले. पुढे १९५९ मध्ये त्याच्याच कंपनीने हौशी लोकांसाठी विजेवर चालणारा विंच काढला. म्हणजे आधी जीप रस्त्यावर आणून दाखवली, आणि रस्ता सोडून गेलेल्यांना परत यायची सोय मागाहून विकली. धंदा याला म्हणतात.

आमच्या एका मित्राने आपल्या थारला विंच बसवायचं ठरवलं, ते याच परंपरेत. गाडी नाशिकच्या कारखान्यातून निघाली तेव्हा धडधाकट होती, हे त्यालाही मान्य आहे. पण ती ‘स्टॉक’ होती. हा शब्द तो ज्या आवाजात उच्चारतो, त्या आवाजात आमची आजी ‘विकतचं लोणचं’ म्हणायची. या सगळ्या प्रकरणात माझी नेमणूक टॉर्च धरणारा म्हणून झाली. गाडीच्या कामात ज्याला काही कळत नाही पण ज्याला घरी पाठवताही येत नाही, त्याच्या हातात टॉर्च देतात. अशा माणसाला दिसतं मात्र सगळं.

पहिला प्रश्न होता ताकदीचा. विंचची ताकद पौंडात मोजतात. मेट्रिक पद्धत येऊन आपल्याकडे इतकी वर्षं झाली, तरी दोन गोष्टी आपण अजून पौंडात घेतो: वाढदिवसाचा केक आणि विंच. दोन्ही खरेद्यांत गरजेपेक्षा मोठा आकडा सांगायचा मोह होतो. हिशेब तसा सोपा आहे. सामान आणि माणसांसकट गाडीचं जे वजन होईल, त्याच्या दीडपट ताकदीचा विंच घ्यावा असा सर्वमान्य नियम आहे. गाडी भरून सव्वादोन टन धरली, तर दीडपट म्हणजे साधारण ३,४०० किलो, अर्थात साडेसात हजार पौंड. आठ हजारांचा विंच पुरेसा. मित्राने घेतला १२,००० पौंडांचा. पाच टनांच्या वर ओढणारा.

‘‘एवढा कशाला?’’ मी विचारलं.

‘‘मार्जिन,’’ तो म्हणाला. महाराष्ट्रात पाण्याची टाकी, मुलीचं ट्यूशन आणि लग्नाचा स्वयंपाक याच एका शब्दावर चालतात, तेव्हा मी पुढे बोललो नाही.

माहितीपुस्तिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत एक गंमत छापलेली असते. बारा हजार हा आकडा ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर उरलेला असतानाचा असतो. दोर जसजसा थरावर थर गुंडाळला जातो, तसतसा ड्रम जाड होतो आणि ताकद उतरत जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा की झाड जितकं लांब, तितका विंच बलवान. अगदी बंपरजवळच्या झाडाशी गाठ पडली तर तो बराच नरमतो. माझ्या ओळखीत असे काही गृहस्थ आहेत.

विंच आला आणि लक्षात आलं की तो बसवायला जागाच नाही. मूळ बंपर प्लास्टिकचा. त्याच्यावर पाच टनांचा ओढा टाकला तर बंपर झाडाकडे जाईल आणि गाडी जागेवर राहील. विंचला जाड लोखंडी तबक लागतं आणि ते तबक थेट चासीला बोल्टांनी आवळावं लागतं. तयार स्टीलचे बंपर बाजारात मिळतात, पण तयार मिळणारी वस्तू घेतली तर माणसाला सांगायला काय उरतं? बंपर करून घ्यायचा ठरला.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मित्राने आधी पूर्ण मापाचा फर्मा केला. पुठ्ठ्याचा तो बंपर चिकटपट्टीने गाडीला लावला, तेव्हा सोसायटीतली माणसं गॅलरीत आली. खरं सांगायचं तर गाडीला तोच सगळ्यात शोभला. वजन नाही, गंज नाही, आणि मधोमध छापलेला बाण सांगत होता की वरची बाजू कुठली. गाडी उलटल्यावर ही माहिती उपयोगी पडली असती.

फर्मा घेऊन आम्ही भोसरीत एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी पुठ्ठा उभा धरला, आडवा धरला.

‘‘गेट कुठंशी बसवायचंय?’’

‘‘मामा, गाडीचा बंपर आहे.’’

‘‘हां हां. मग वर भाले लावायचे का?’’

भाले नकोत हे पटवायला थोडा वेळ गेला. मग जाडीचा विषय निघाला. मित्राच्या ड्रॉइंगमध्ये विंचखालचं तबक सहा मिलिमीटरचं आणि बाकीचं अंग तीनचं होतं. मामांनी ड्रॉइंग घडी करून खिशात ठेवलं. ‘‘सगळंच दहा एमएमचं करू. हत्ती आला तरी काय होत नाय.’’

‘‘भोसरीत हत्ती कशाला येईल, मामा?’’

‘‘येत नाय म्हणून तयारी ठेवायची नाय का?’’

हा युक्तिवाद बिनतोड होता, कारण बारा हजार पौंडांचा विंच याच तत्त्वावर घेतला गेला होता. मित्राने शेवटचा उपाय म्हणून हिशेब मांडला: लोखंडाचा एक मिलिमीटर जाड पत्रा एका चौरस मीटरला जवळजवळ आठ किलो भरतो, दहा मिलिमीटरचा बंपर लावला तर पुढची चाकं जमिनीत आणि मागची हवेत. मामांना हिशेब पटला नाही, पण लोखंडाचा भाव आठवला आणि ते सहावर आले.

खरी परीक्षा भोकांची होती. या आकाराच्या विंचचे पाय चार बोल्टांवर बसतात आणि त्या चार भोकांचं माप ठरलेलं आहे: दहा इंच गुणिले साडेचार इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर गुणिले ११४.३. मामांनी टेप लावली.

‘‘अडीचशे धरू.’’

‘‘दोनशे चोपन्न, मामा.’’

‘‘चार एमएमनं काय होतंय? नाय बसलं तर भोक ओव्हल करू.’’

फॅब्रिकेशनच्या धंद्यात ‘भोक ओव्हल करू’ हे पापक्षालन आहे. माप चुकलेलं असो, प्लेट वाकलेली असो, गिऱ्हाइकाने सांगितलेलंच चूक असो, भोक लांबट केलं की सगळे दोष त्यातून वाहून जातात. गेटला, जाळीला, सोलरच्या स्टँडला ते चालतं. विंचच्या पायाला चालत नाही, कारण तिथे बोल्टला सरकायला जागा मिळाली की तो सरकतोच, आणि सरकतो तो नेमका टनावारी ताण असताना. बोल्टही साधे चालत नाहीत. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे उमटवलेले हायटेन्साइल बोल्ट लागतात. दहाचा अर्थ असा की चौरस मिलिमीटरमागे हजार न्यूटनच्या आसपास ताण येईपर्यंत तो तुटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मित्र एकेक बोल्ट उचलून डोकी वाचत बसला, तेव्हा काउंटरमागच्या शेठनी शांतपणे विचारलं, ‘‘पत्रिका जुळवताय का?’’

वेल्डिंग गाडीवरच करायचं की काढून, यावरही वाद झाला. मामांचं म्हणणं, जागेवर टॅक मारू, मग उतरवून पूर्ण वेल्डिंग करू. म्हणणं बरोबर होतं. जागेवर टॅक मारल्याशिवाय माप बसत नाही. पण आजच्या गाडीत संगणक असतो, आणि आर्क वेल्डिंगचा प्रवाह वाट चुकून त्यात शिरला तर बंपर शाबूत राहतो आणि गाडी जाते. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्डिंग चाललंय त्याच्या अगदी शेजारी लावायचा. मित्र तार काढायला बोनेटमध्ये वाकला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आम्ही ट्रकांची निम्मी चासी जोडून दिली, पण बॅटरी कधी काढली नाय.’’ मी टॉर्च बंद केला, म्हणजे माझा चेहरा कोणाच्याच बाजूचा दिसू नये.

बंपर तयार झाला. देखणा झाला. मामांनी समोरून एक सुबक झाकणपट्टी लावून विंच पूर्ण लपवला होता, आणि त्या पट्टीमागे विंचचा क्लच लपला होता. दोर हाताने सोडायचा असेल तर हा क्लचचा दांडा फिरवावा लागतो, नाहीतर ड्रम मोकळा होत नाही. मित्राचा पंजा आत जाईना. मामांनी हाताखालच्या पोराला बोलावलं. पोराचा हात कोपरापर्यंत गेला.

‘‘जातोय की,’’ मामा म्हणाले.

‘‘जंगलात हा पोरगा कुठून आणू?’’

‘‘शनिवार-रविवार सुट्टीच असते त्याला.’’

शेवटी पट्टीला खिडकी कापली. देखणेपण थोडं कमी झालं आणि पोराची रविवारची सुट्टी वाचली.

पुढचा अध्याय गोसाव्याच्या लंगोटीचा. उंदीर लंगोटी कुरतडतात म्हणून गोसाव्याने मांजर पाळली, मांजरीच्या दुधासाठी गाय घेतली, गायीसाठी शेत केलं आणि शेतासाठी संसार मांडला. इथे विंच आणि त्याचा पोलादी दोर मिळून चाळीसेक किलो, बंपर साठ. म्हणजे नाकावर शंभर किलो. गाडी नमस्कार करायला वाकल्यागत पुढे झुकली. म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. पूर्ण ताणावर विंच चारशे अँपिअरच्या घरात करंट खातो. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर घेतो, त्या हिशेबाने ऐंशी बल्ब एकदम. म्हणून मोठी बॅटरी आली. तिला पोसायला मोठा अल्टरनेटर हवा असं कोणीतरी सांगितलं. अंगठ्याएवढ्या जाड केबली आल्या, शॉर्टसर्किट झालं तर तोडायला मोठा खटका आला. हे सगळं मिळून गाडीचं वजन वाढलं, आणि ‘वजनाच्या दीडपट’ हा नियम मित्राने पुन्हा काढून पाहिला. सुदैवाने मार्जिन होतं. त्याने माझ्याकडे ज्या विजयी मुद्रेने पाहिलं, तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कायदा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं की गाड्यांना पुढे लावलेले क्रॅश गार्ड आणि बुलबार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, त्यावर कारवाई करा. कारण योग्य आहे. गाडीचं तोंड मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. धडकेत ते चुरगळावं, माणूस चुरगळू नये, एअरबॅग वेळेवर उघडावी, पायी चालणारा वाचावा, अशी ती रचना असते. तिच्यापुढे कोणी मामांचं सहा मिलिमीटर ठोकलं तर इंजिनिअरांची सगळी पुण्याई वाया जाते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, यापैकी एक किंवा दोन्ही होऊ शकतं. लंगोटीपासून संसारापर्यंतचे बदल मित्राने बोटांवर मोजले आणि मग बोटं बंद केली.

त्यात नंबर प्लेट. विंचचा दोर ज्या चौकटीतून बाहेर येतो, ती चौकट गाडीच्या अगदी मध्यावर येते, आणि सरकारच्या मनात नंबर प्लेटची जागाही तीच आहे. नव्या सुरक्षा प्लेटचं कुलूप असं की एकदा लावलं की मोडल्याशिवाय निघत नाही. प्लेट ठेवली तर दोर निघत नाही, दोर काढला तर प्लेट राहत नाही.

मित्र कायदा मानणारा आहे. त्याने तोडगा काढला: रस्त्यावर प्लास्टिकचा बंपर, चिखलात लोखंडाचा. आठ बोल्ट आणि दोन केबली, तासाभराचं काम. खाजगी जमिनीवर जायचं, तिथे बंपर बदलायचा, खेळायचं, परत बदलून घरी यायचं. विंचसकट शंभर किलोचा बंपर तिथवर न्यायला एक छोटा हत्ती भाड्याने करायचा. मामांनी हत्तीची तयारी ठेवली होती ती अशी कामी आली.

पावसाळ्यात मुळशीकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर जायचं ठरलं. थार पुढे, छोटा हत्ती मागे. शेताच्या तोंडाशी थार चिखलातून सहज निघून गेली. छोटा हत्ती रुतला. पार एक्सलपर्यंत. आम्ही सगळे उतरून पाहत राहिलो. बारा हजार पौंडांचा विंच हाताच्या अंतरावर होता, पण तो ताडपत्रीखाली, टेम्पोच्या हौद्यात, बॅटरीशिवाय पडलेला होता. टेम्पोवाल्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, तोंडाशी हात नेला आणि बांधाच्या दिशेने हाक घातली. पाच मिनिटांत सात-आठ माणसं आली. हौद्यात काय आहे असं त्यातल्या एकाने विचारलं. टेम्पोवाल्याने खरं ते सांगितलं. त्यानंतर जे हसू झालं, ते महाग गाडीच्या वाट्याचं होतं, पण सोसलं स्वस्त गाडीने.

बंपर चढला. आता रुतायचं होतं, आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. थार फोर-बाय-फोर आहे, लो गिअर टाकला की चालत सुटते. मित्र एका डबक्यातून गेला, दुसऱ्यातून गेला, बाहेर येऊन खिन्न झाला. लोक देवाला गाडी सुखरूप बाहेर येऊ दे म्हणून नारळ बोलतात. याच्या मनात उलटा नारळ होता. अखेर भाताच्या खाचराशेजारच्या एका ओहोळात गाडी पोटावर टेकली, चारी चाकं जागेवर फिरू लागली आणि मित्राचा चेहरा उजळला.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा भरते. तिथे चालक गाडीत बसतो आणि सहचालक दोर घेऊन चिखलातून झाडाकडे धावतो. मला त्या क्षणी टॉर्चधाऱ्यावरून सहचालक अशी बढती मिळाली. हातमोजे दिले गेले आणि नियम सांगितले गेले. मोज्यांशिवाय पोलादी दोराला हात लावायचा नाही, कारण त्याची एखादी तुटलेली तार तळहात फाडते. ड्रमवर निदान पाच वेढे ठेवायचेच. दोरावर मध्यभागी काहीतरी जड टाकायचं, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही. ताणलेला दोर ओलांडायचा नाही आणि दोराच्या लांबीइतकं लांब उभं राहायचं. हे नियम खरे आहेत आणि जिवाशी आहेत. मी ते जमलेल्या मंडळींना मोठ्याने सांगितले. दोर ओलांडू नका म्हटल्याबरोबर एक काका दोर ओलांडून माझ्याकडे आले आणि ‘‘काय म्हणालात?’’ असं विचारू लागले. दोरावर टाकायला मित्राने वहिनींची गोधडी आणली होती. ती वहिनींना न सांगता आणली होती. जिवाशी संबंधित असा आणखी एक नियम त्याने मोडला होता.

आणि मग झाड. या विषयावरच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत झाड गृहीत धरलेलं असतं. गाडीचं चित्र, दोराचं चित्र आणि त्याच्या टोकाला एक झाड. कुणाचं, कसलं, काही नाही. सगळ्यात जवळचं होतं ते आंब्याचं कलम. तिथे शेजारच्या रानाचे मालक, आबा, आधीच येऊन उभे होते. ‘‘त्याला नको. तीन वर्षांचं पोर आहे ते.’’ दुसरं जांभूळ. त्यावर लाल मुंग्यांची वसाहत. मी पट्टा घेऊन गेलो आणि पट्ट्याशिवाय परत आलो. तिसरा रायवळ आंबा, दोन माणसांच्या कवेत न मावणारा, कोणी केव्हा लावला ते आबांनाही सांगता येईना. तो सत्तर हात लांब होता आणि आमचा दोर साठ हात. जादा पट्टे जोडून पोचलो. झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून खोडाला दोर थेट बांधत नाहीत, रुंद पट्टा लावतात. आबांनी तो पट्टा हाताने ताणून पाहिला. ‘‘चांगलाय. म्हशीला होईल.’’

बटण दाबलं. सिनेमात या प्रसंगी गाडी उसळी मारून बाहेर येते. प्रत्यक्षात भार पडलेला विंच मिनिटाला जेमतेम मीटर-दीड मीटर चालतो, आणि मिनिटभर ओढल्यावर मोटर तापू नये म्हणून थांबावं लागतं. एक कुरकुर आवाज येत होता आणि चिखलावर बुडबुडे येत होते. बऱ्याच वेळाने पहिल्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, ‘‘चालू कधी होणार?’’ ‘‘चालू आहे,’’ मी म्हणालो. त्याने पुन्हा थोडा वेळ पाहिलं आणि तो सायकलवरून निघून गेला. मोठी माणसं राहिली, कारण तेवढ्यात चहा आला होता.

गाडी निघाली, हे सांगितलंच पाहिजे. यंत्राने आपलं काम चोख केलं. मामांच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली नाही, २५४ मिलिमीटर २५४ च राहिले. मित्राने अभिमानाने आबांकडे पाहिलं.

आबा म्हणाले, ‘‘ट्रॅक्टर उभा होता की घरी. हाक मारायची.’’

विंच घेतला की हाक मारायची गरज संपते, या समजावर साठ-पासष्ट वर्षं हा व्यापार उभा आहे. माझ्या पाहण्यात तसं काही झालं नाही. हाक मारावी लागतेच, फक्त ती झाडामार्फत जाते, कारण आपल्या मुलुखात प्रत्येक झाडाला मालक असतो आणि तो जवळपासच असतो. ताकद पौंडात मोजून घरपोच येते. तिला धरायला जे लागतं, ते मात्र कोणीतरी दुसऱ्याने आधी लावून ठेवलेलं असावं लागतं.

मित्राला हे अर्धंच पटलं. झाडावर अवलंबून राहावं लागतं, हा दोष आहे असं त्याने ठरवलं आणि त्यावर उपाय शोधला. जिथे झाड नसेल तिथे जमिनीत रोवायला एक अवजार मिळतं, त्याला ग्राउंड अँकर म्हणतात. पोलादी फाळ, त्याला लांब दांडा. टोक जमिनीत खुपसायचं, विंचने ओढलं की फाळ आपोआप खोल शिरतो आणि घट्ट बसतो. अमेरिकेहून मागवलं. पेटी उघडल्यावर मित्राच्या वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘अरे, हा तर नांगर.’’

घराण्याचा इतिहास तेव्हा कळला. त्यांच्या वडिलांनी बैलजोडी आणि नांगर विकून पुण्याचा रस्ता धरला होता. नातवाने नांगर डॉलर मोजून परत आणला. बैलांच्या जागी बारा हजार पौंड आधीपासून आहेतच. जमीन तेवढी अजून वाटेकऱ्याकडे आहे, आणि तिथे जाऊन नांगर रोवून पाहावा म्हटलं, तर ग्रामपंचायतीने थेट बांधापर्यंत काँक्रीटचा रस्ता केला आहे. गाडी रुतायची सोयच राहिलेली नाही.